वसरामबाबांचे नऊ मुक्काम

माझ्या १९३८च्या डायरीत अकरा मार्चच्या पानावर ७२ हा आकडा लिहून खोडलेला आहे. तो खोडायला लावला वसरामबाबांनी, आणि त्यांना तर अक्षरओळखही नव्हती.

कनेरगाव नाक्याजवळच्या बंजारा तांड्यावरचे हे सत्तरीचे गृहस्थ गुडघ्याच्या औषधासाठी आमच्या यजमानांच्या हिंगोलीतल्या दवाखान्यात येत. लहानपणी आजोबांबरोबर मिठाच्या गोण्या लादलेले बैल हाकत ते मुलूखभर चालले होते. पुढे आगगाडी आली, बैलांचं काम संपलं, आणि ते शेती करू लागले.

त्या सकाळी हिंगोलीच्या मैदानावर एक छोटं विमान उतरलं. पारशी वैमानिक वाट चुकला होता. नकाशा वाऱ्याने उडून गेला होता. पैनगंगेपलीकडे जांभुळघाटच्या धावपट्टीवर त्याला बर्फात ठेवलेली लस पोचवायची होती. पेट्रोल उरलं होतं चाळीस मिनिटांपुरतं, आणि त्या विमानाला चालेल असं पेट्रोल गावात नव्हतं. इंग्रजी बोलायला यजमानांनी मला नेलं. औषधाला आलेले वसरामबाबा काठी टेकत मागून आले.

"जांभुळघाट? नऊ मुक्काम," ते म्हणाले. "लादलेला बैल एका मुक्कामाला चार कोस चालतो."

मी लगेच डायरीत गुणाकार केला. छत्तीस कोस, म्हणजे बहात्तर मैल. विमानाच्या ताशी ऐंशी मैलांनी चोपन्न मिनिटं. चाळीस मिनिटांच्या पेट्रोलमध्ये ते बसणारं नव्हतं.

बाबा विमानाला एक फेरी मारून आले.

"बाई, ह्याला वाटंत पानी पाजाया लागतं का?"

"नाही हो, बाबा."

"चारा?"

यजमान हसले.

"हसू नका, डाक्टरसाहेब. मंग हे आमच्या वाटनं काहून जाईल?"

ते धुळीत बसले. एक मुक्काम म्हणजे एक वीत. त्या त्या चालीत सकाळचं ऊन कोणत्या अंगावर पडायचं ते पुटपुटत आठवून त्यांनी खडे मांडले. तिसऱ्या खड्यानंतर वाट नदी ओलांडायचा उतार गाठायला उगवतीकडे वळली. पाचव्यानंतर कुरणासाठी परत मावळतीकडे. मग हिंगोलीच्या खड्यापासून शेवटच्या खड्यापर्यंत त्यांनी सरळ विती टाकल्या. सहा भरल्या. काठीने त्यांनी दिशाही दाखवली.

बहात्तर खोडून मी मोठ्याने सांगितलं, चोवीस कोस, म्हणजे अठ्ठेचाळीस मैल, छत्तीस मिनिटं.

"खात्री आहे का, विचारा," वैमानिक मला म्हणाला.

"बराबर हाय. पन मी त्या वाटनं चाललो त्याला साठ वर्सं झाली, हे बी सांगा त्याला."

मी तेही सांगितलं. वैमानिकाने खड्यांवरून दिशा पुन्हा एकदा ताडून पाहिली. मग पोचल्यावर तार करतो म्हणाला, बाबांचा हात हातात घेऊन हलवला आणि निघाला.

विमान दिसेनासं झालं तसा बाबांचा चेहरा उतरला. "माज्या खड्यांवर लेकरू वर गेलं," ते म्हणाले. मी भाकरी वाढली, तर ताट सरकवून म्हणाले, "तार येऊ द्या."

दुपारी स्टेशनवरून तार आली. सुखरूप पोचलो, अडतीस मिनिटं लागली.

बाबांनी ताट ओढून घेतलं. पहिला घास तोंडातच होता, तेवढ्यात विचारलं, "दोन मिंटं जास्त? कुठं चुकलो मी?"

"वारा समोरून असेल."

"वारा न्हाई धरला मी," ते विचारात पडले. जेवण झाल्यावर म्हणाले, "अडतीस मिंटं म्हंजी किती, ते दावा."

मी भिंतीवरच्या घड्याळात काटा कुठून कुठवर जाईल ते दाखवलं. ते त्यासमोर बसले आणि काटा तिथे पोचेपर्यंत हलले नाहीत. मग गुडघा दाबत उठले.

"एवढ्यात आमचे बैल लादून बी व्हत नव्हते," म्हणाले, आणि गाडी गाठायला निघाले.