ब्रेकखालचा नारळ

बाई पुढची काच फोडून बॉनेटवर आली होती. सकाळी गाडीला घातलेला झेंडूचा हार तिच्या केसांत अडकला होता. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, ते कळत नव्हतं. मी नाडी पाहिली. लागली नाही. मागं दोन सीटच्या फटीत म्हातारी पडली होती. तिचीही लागली नाही. सहा वर्षांच्या पोरीला लोकांनी आधीच मागच्या सीटचा पट्टा कापून काढून ॲम्ब्युलन्समध्ये घातलं होतं. ती शुद्धीवर नव्हती. स्टिअरिंगमागं अडकलेला नवरा तेवढा ओरडत होता, "ट्रकवाल्यानं एकदम ब्रेक मारला!"

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. बाकीच्या केसेस कागद बघितल्याशिवाय आठवत नाहीत. हिला कागद लागत नाही.

मी सातवी शिकलेली. माझे मालक पोलिसात होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. या केसच्या वेळी मी हवालदार होते. येरमाळ्याहून येडशीकडं येताना वळणावर ही गाडी ट्रकवर मागून आदळली होती. दुपारचा लख्ख उजेड, रस्ता कोरडा. गाडी चार दिवसांची. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीला पूजा करून घरी निघाली होती.

नवऱ्याचा पाय सोडवताना ब्रेकखाली नारळ अडकलेला दिसला. हळदकुंकू लावलेला. देवीचा नारळ पायात कसा ठेवायचा? मी ओढून काढला, पुसला, कपाळाला लावला आणि समोर डॅशबोर्डवर ठेवला. मग साहेब आले, पंच आले. पंचनाम्यात लिहिलं, 'डॅशबोर्डवर नारळ एक.' खाली माझीही सही आहे.

ट्रकवाला कर्नाटकातला. आमच्या आधी लोकांनी त्याला धुतला होता. गुन्हा दाखल झाला, ट्रक जप्त झाला. जामीन द्यायला इथं त्याचं कोणी नव्हतं. एक डोळा सुजून मिटला होता. मला बघितलं की एकच बोलायचा, "अक्का, गाडी साइडला उभी होती. टायर ठोकून बघत होतो." मी म्हणायची, "सगळे तेच सांगतात." लायसन गेलं तर घरी चूल कशावर पेटणार, हेही तो सांगायचा. तेही सगळे सांगतात.

तिसऱ्या दिवशी येरमाळ्याची एक नारळवाली एसटीनं ठाण्यात आली. ट्रकवाल्याला धरल्याची बातमी आणि अपघाताचा फोटो फोनवर फिरत होता, त्यावरून तिनं गाडी ओळखली होती.

"त्या ट्रकवाल्याला सोडा, बाई," आल्या आल्या म्हणाली.

"तू टक्कर बघितलीस?"

"टक्कर न्हाय बघितली. नारळ बघितला. ओटीचा नारळ त्या नव्या गाडीवाल्यानं आत काचंपाशी ठिवला. म्या म्हणलं, दादा, पिशवीत घाला, गडगडंल. तर म्हणतो, देवी म्होरं असू दे मावशी, आता तीच गाडी चालवंल."

"मग?"

"मग काय, गाडी वळवताना माझ्या डोळ्याम्होरं खाली पडला. बायकोनं उचलून पुन्हा तिथंच ठिवला. लई शहाणी माणसं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, नारळ वर नव्हता. ब्रेकखाली होता. मी वर ठेवला."

"सव्वीस वर्षांच्या नोकरीत हेच शिकलात, बाई?"

"देवीचा होता, साहेब."

"आणि ट्रकवाला कुणाचा होता?"

 

डॉक्टरांची परवानगी घेऊन आम्ही नवऱ्याकडं गेलो. तुळजापूरकडचा कारकून. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये.

"ट्रकनं ब्रेक मारला, मावशी."

"त्यानं मारला असंल. तुम्ही कधी मारला?"

त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"नारळ मीच काढलाय तुमच्या ब्रेकखालनं," मी म्हणाले. "पायानं सरकवायचा होता बाजूला."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "देवीच्या नारळाला पाय कसा लावणार? ही म्हणाली, अहो, पाय लागतोय, उचला आधी. मी वाकलो. वर बघितलं तर ट्रक. ब्रेक दाबला, तर दबलाच नाही."

"ट्रक चालत होता का उभा होता?"

"उभा होता."

"कुठं?"

"कडेला."

"सीटचे पट्टे का लावले नव्हते?"

"नाही लावले की गाडी टूं टूं करते. म्हणून पाठीमागून अडकवून ठेवले होते. हिच्या नव्या साडीची घडी मोडत होती."

"मग पोरगी तेवढी पट्ट्यात कशी?"

"ती सारखी उठून पुढं यायची. माझी आई वैतागली आणि तिला पट्ट्यात आवळून टाकली. सगळा रस्ता रडत होती."

साहेबांनी त्याचा जबाब घेतला. माझाही घेतला. मला नोटीस आली, पगारवाढ थांबली. बरोबर झालं. ट्रकवाला सुटला त्या दिवशी मी त्याला चहा मागवला. त्यानं घेतला नाही.

लोक नवी गाडी घेऊन दाखवायला येतात. मी पेढा नंतर खाते, आधी आत डोकावते. पट्टा पाठीमागं अडकवलेला दिसला की तिथल्या तिथं बोलते, पाहुणा असला तरी. नारळ डिकीत ठेवा. समोर काही सुटं ठेवू नका. खाली काही पडलं तर आधी गाडी कडेला घ्या, मग वाका. पाय लागला तर देवी माफ करते. उभा ट्रक करत नाही.

त्या गाडीत चौघं होती. सून गेली, सासू गेली. नवरा काठी घेऊन चालतो. पोरगी वाचली.