असोद्याचं भरीत आणि न फाटलेली कुपनं

"चलतेस का असोद्याला? भरीत खायचं आणि पैसे द्यायचे, एवढंच काम आहे," असं सुनंदानं फोनवर विचारलं आणि मी लगेच हो म्हणून बसले. पहिलं काम फक्कड झालं. दुसऱ्यानं माझं डोकं उठवलं, ते कसं ते सांगते.

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता धुळ्यात देवपुरात राहते, शाळेत शिकवते. असोदा तिचं माहेर, जळगावच्या अगदी लगत. तिची थोरली बहीण अक्का गावातच दिलेली. अक्का आणि दहा-बारा बायका भाजीपाला पिकवतात आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला घालतात. वर्षानुवर्षं हेच. आता त्यांना जळगावात दर रविवारी स्वतःचा बाजार भरवायचाय. एकानं रस्त्यालगतची जागा देऊ केलीय, पण उन्हाळ्याआधी वर पत्रे पडले पाहिजेत, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र्यांसाठी पैसे उभे करायचे म्हणून ही भरीत पार्टी. कुपन घ्यायचं, जेवायचं, बस.

शनिवारी नाशिकहून एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे स्वतःच्या गाडीचा हट्ट सोडा. धुळ्यापर्यंत रस्ता मस्त आहे. संध्याकाळी सुनंदानं शेवभाजी खायला नेलं. वर तरंगणारी तर्री पाहून मी "कमी तिखट मिळेल का?" विचारलं, तर वाढणाऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान खाल्ली. नाक गळत होतं, हात थांबत नव्हता. सोबत ताक मागवा, आधीच सांगते.

रविवारी सकाळी जळगावची बस. "बठ्ठा मांगे सरका," म्हणजे सगळे मागे सरका, असं दारातली एक आजी ओरडली आणि कंडक्टरच्या आधी तिचं सगळ्यांनी ऐकलं. पारोळा, एरंडोल करत अडीचेक तास धरा. जळगाव स्टँडवरून असोद्याला बसही मिळते आणि रिक्षाही.

अक्काच्या शेतात पोचलो तेव्हा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ही एवढाली हिरवी वांगी भाजत होती. बायका ती सोलून लाकडी बडगीत मिरचीबरोबर ठेचत होत्या. बाजूला पुऱ्या निघत होत्या. अक्का साठीची, उंच, पदर खोचलेली. माझा हात धरून म्हणाली, "आल्या का? प्रवासात तरास नाही ना झाला?"

फाटकाशी टेबल होतं. तिथे अक्काचे चुलत सासरे, नाना, कुपनांचं पुस्तक घेऊन बसलेले. मी पर्स उघडली.

"कुठल्या तुमी?" नानांनी विचारलं.

"नाशिकची."

"माहेर?"

"पारोळा." काय बाई मला सुचलं आणि मी खरं सांगितलं!

"पारोळा? मंग आपल्या भाच्याची सासुरवाडी तीच! तुमी घरच्याच झाल्या. बसा जेवाले." आणि पुस्तक मिटलं.

मला काही कळेना. मी बाजूला उभी राहून बघत होते. जळगावहून माणसं येत होती, चांगली पैसे काढून हातात धरून. नाना गाव विचारत, आडनाव विचारत, कुठून तरी नातं निघेच, आणि माणूस फुकटात आत. एका बँकेतल्या साहेबांचं मूळ गाव पार सोलापूरकडचं. नाना जरा अडकले. मग म्हणाले, "एवढ्या लांबून आले बिचारे!" तेही आत.

"अगं सुनंदा, हे काय चाललंय?"

"मलाही कळत नाहीये," ती म्हणाली. आता बोला!

केळीच्या पानावर भरीत आलं. कांद्याची पात, शेंगदाणे, वर कच्चं तेल. खोटं कशाला बोलू, रागावलेली असूनही मी तीनदा मागून घेतलं. मग उठून थेट अक्काला गाठलं.

"अक्का, पैसे घ्या."

"जेवाले आलेल्या मानसाकडून पैशे घेता का कोनी?"

"पण त्यासाठीच बोलावलंत ना!"

"हो ना," अक्का म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "ठरवलं तर तसंच व्हतं. पानावर बसलेल्याले पाहून तोंडच उघडत नाही माय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. जिला ताटाचे पैसे मागता येत नाहीत, ती बाजारात गिऱ्हाइकाला भाव काय सांगणार? पत्रे पडले तरी ही बाई व्यापाऱ्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हातून लुटली जाणार, असं मला अगदी स्वच्छ दिसायला लागलं.

तरी हात हलवत परतणं माझ्या स्वभावात नाही. मी पर्समधल्या डबीतलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं, पैसे तिच्या मुठीत कोंबले आणि म्हटलं, "हा आहेर. पारोळ्याच्या पाहुणीचा. आता म्हणा नाही!"

अक्कानं मूठ मिटली. आहेराला नाही कसं म्हणणार? नाना टेबलामागून उठले, माईक हातात घेतला आणि लग्नातल्यासारखं पुकारलं, "पारोळेकर ताईंकडून आहेर!" ते ऐकून बँकेतले साहेब खुर्ची ढकलून उभे राहिले. मग जी रांग लागली! नाना नावाबरोबर रक्कमही पुकारू लागले, तेव्हा आधी आहेर दिलेली माणसंही मागून आलेल्या चुलत्यापेक्षा आपला कमी नको म्हणून परत रांगेत शिरली. आणि आहेर म्हटल्यावर परतीचा मान आलाच. अक्कानं प्रत्येकाच्या हातात केळ्यांची एकेक फणी ठेवली. मी म्हटलं, अहो, निदान केळी तरी विका! कुणी ऐकलं नाही. ही पार्टी होती, लग्न होतं की काय होतं, मला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

नाशिकला आल्यावर दोन दिवस केळी खाल्ली आणि मनात अक्काची काळजी केली. जायचं असेल तर हिवाळ्यात जा. भरिताची वांगी तेव्हाच. जाल तेव्हा पर्सबरोबर कुंकवाची डबीही न्या.

पत्रे वेळेत पडले. पहिल्या बाजाराला सुनंदा धुळ्याहून मुद्दाम गेली आणि तिथूनच तिनं मला फोन लावला, तणतणत.

"दोन किलो वांगी घेतली गं. म्हटलं, अक्का, मी तुझी सख्खी बहीण, थोडं कमी कर. तर म्हणते कशी, 'घरी ये, पोटभर जेव. इथला भाव मी सांगीन.'"

मी ताडकन उठून उभी राहिले. "मग? कमी केला का तिनं?"

"एक रुपया नाही! वर मिरचीसुद्धा टाकली नाही मेलीनं."

सुनंदा अजून बरंच काही बोलत होती. मला काही ऐकू येत नव्हतं, मी आपली डोळे पुसत होते.