तीन पट्ट्यांचा बांबू

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझं सगळं ठाऊक असतं — वरवंडला जाऊन चोरून खाल्लेल्या भज्यांसकट. इतकी वर्षं मी ती गिळून बसलोय. आज तुम्हाला सांगतो. आजच का, ते मलाही नीटसं सांगता यायचं नाही.

पण आधी आबांविषयी बोलू द्या. त्यांच्याविषयी बोलायला लागलो की मला थांबवत नाही — आणि खरं सांगायचं तर मूळ गोष्ट तेवढीच पुढं ढकलता येते.

मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी आमचं बांबूचं बेट आहे. सातबाऱ्यावर आमचं, एरवी ते आबांचंच. आबा धनगर. ऐन उमेदीत मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत फिरलेला माणूस, पुढं आमच्या शेजारी वस्ती करून राहिला आणि आमच्याकडं कामाला लागला. त्याआधी आम्ही बांबू कसा तोडायचो? हाताला येईल तो, बाहेरचा, सोयीचा. आत नुसता वाळक्या काठ्यांचा गुंता झाला होता. आबांनी एका बाजूनं वाट पाडली, आत शिरले आणि मधले म्हातारे बांबू काढू लागले. नवे कोंब बाहेरच्या अंगाला येतात, जुने आत राहतात, म्हणून आतून काढायचं — इतकं साधं होतं, पण आमच्या तीन पिढ्यांना सुचलं नव्हतं.

तोडताना जमिनीपासून वीतभर वर, पेराला लागून कोयता मारायचा, म्हणजे खोडक्यात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोंब वर यायला लागले की बेटात मेंढरू फिरकू द्यायचं नाही, स्वतःचंसुद्धा. थंडीत मात्र तिथंच मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत व्हायचं. कोयत्याची पाठ बांबूवर वाजवून ते त्याचं वय सांगायचे. मी कितीदा कान लावला. मला आपलं सगळं ठक आणि ठक.

आणि त्यांचे ते पट्टे! दर दसऱ्याला आबा बेटात जायचे, बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग घेऊन. त्या पावसाळ्यात उगवलेल्या प्रत्येक बांबूला एक पट्टा. गेल्या वर्षीच्याला दुसरा. त्याआधीच्याला तिसरा. तीन पट्टे म्हणजे तोडायला तयार. त्याखालच्याला कुणी हात लावायचा नाही. लिहिता न येणाऱ्या माणसानं अख्ख्या बेटाची जन्मतारीख लिहून ठेवली होती. मी कॉलेजात शिकलेला, पण असं शहाणपण मी पुस्तकात कुठं पाहिलं नाही.

बघा, अजून मुद्द्यावर आलो नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दसरा होऊन गेल्यावर गावच्या शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन ठरलं. मी सव्वीस वर्षांचा, कमिटीवर नुकताच घेतलेला. बैठकीत कुणी विचारलं नसताना बोलून गेलो — मांडवाला साठ बांबू आमच्या बेटातले. टाळ्या झाल्या. घरी येऊन आबांना सांगितलं, तर ते बेटात एक फेरी मारून आले आणि म्हणाले, चौतीसच तयार आहेत, बाकीचे बाजारातून आणा.

आणता आले असते. पण बैठकीत जाऊन 'चौतीसच आहेत' असं कोण सांगणार? माझं नाक होतं ना!

आबा चार दिवसांसाठी केडगावला लेकीकडं गेले. तोडायला त्यांचे दोन पुतणे येणार होते, आणि तीन पट्टे असल्याशिवाय ते कोयता उचलत नसत, माझ्या वडिलांनी सांगितलं असतं तरी. म्हणून मी — हो, मीच — भर दुपारी रंगाचा डबा घेऊन बेटात गेलो. त्या वर्षीचे सरळ, उंच, देखणे सव्वीस बांबू निवडले. कोवळेपण ओळखू येऊ नये म्हणून बुंध्याला चिकटलेली टरफलं सोलली. एका पट्ट्याचे तीन केले. रंग जुना दिसावा म्हणून वरून मातीचा हात फिरवला.

पुतण्यांपैकी एकजण थबकला होता. "कवळा वाटतोय," म्हणाला. मग पट्टे बघून म्हणाला, "पन आबांचा पट्टा हाय." आणि त्यानं कोयता मारला.

उद्घाटनाच्या दिवशी उन्हं चढली तसे ते कोवळे बांबू वाकायला लागले. पाहुण्यांचं भाषण चालू असताना मांडवाची एक बाजू बसली. कुणाला लागलं नाही, पण लोक हसले, पाहुणे आटोपतं घेऊन निघाले. आबा त्याच सकाळी केडगावहून आले होते. ते पुढं झाले, वाकलेल्या बांबूत नख रुतवून पाहिलं. मग बोट ठेवून पट्टे मोजले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले. आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "माजी चूक झाली. माजं डोळं गेलं."

मी चार पावलांवर उभा होतो, फेटा बांधून.

तेव्हा बोलायला हवं होतं? हवंच होतं. पण त्याहून मोठी संधी पुढं होती, तीही मी घालवली. आठवड्यानं मीच त्यांना मोटरसायकलवर बसवून दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. गावानं माझं कौतुक केलं, गड्याची केवढी काळजी घेतो म्हणून. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. मला वाटलं, सुटलो. आबा मात्र बाहेर येऊन पायरीवर बसले. मग म्हणाले, "डोळं चांगलं हायती, म्हंजी दादा, माजं डोस्कंच गेलं."

मी काय केलं? त्यांना चहा पाजला.

पुढच्या दसऱ्याला आबांनी रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "आता तुमीच लावा. माजा भरवसा न्हाई," म्हणाले. कोवळे बांबू तोडल्यानं त्या पावसाळ्यात कोंबही मोजकेच आले. बेट सावरायला चार वर्षं लागली. बेट सावरलं. आबा नाही सावरले. जेवलो का, हे सुनेला विचारायला लागले. सगळा जन्म मेंढरांत गेलेला माणूस, संध्याकाळी वाघरीच्या जाळीत शिरणारी मेंढरं बघत बसायचा आणि सुनेला म्हणायचा, तू मोज, माझी चुकतील. ती मोजायची. मी बांधावरून ऐकायचो. एकदाही हाक मारली नाही की, आबा, तुमचं डोकं शाबूत आहे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आज बेट पाहायला शिरूरकडून, दौंडकडून माणसं येतात. आतून कसं तोडायचं, पेर कुठलं धरायचं, हे मी समजावून सांगतो. आबांचं नाव घेतो, नाही असं नाही. कुणी जुनं माणूस मध्येच म्हणतं, आबा मोठे जाणकार, पण शेवटी नजर चुकायला लागली होती. मी मान हलवतो. परवाही हलवली.

नजर चुकली नव्हती. बेटातला प्रत्येक बांबू त्यांनी बरोबर ओळखला होता. त्या सव्वीसांवर त्यांचा एकेकच पट्टा होता. वरचे बावन्न माझे.