उद्या पाणी साडेसहाला

दोन ओळींची सूचना लिहायला मला पाच मिनिटं लागतात. तिच्यावरून येणारे फोन आणि गेटवर येणारी माणसं मात्र दिवसभर पुरतात. सावेडीतल्या आमच्या प्रभागाची मी नगरसेविका. त्याआधी घरी चौथीपर्यंतच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, म्हणून अर्धा प्रभाग मला अजून 'बाई' म्हणतो आणि उरलेला अर्धा 'ताई'. निवडून आल्यावर मी लोकांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप केला. पाणी कधी, घंटागाडी कधी, लाईट कधी जाणार, एवढंच त्यावर टाकायचं ठरवलं होतं. मैत्रिणी भेटल्या की विचारतात, "काय गं, प्रभागात नवीन काय?" रस्त्याचं काम कुठवर आलं ते त्यांना नको असतं. त्यांना हे किस्से हवे असतात.

*

पहिली सूचना मी कार्यालयातल्या कागदावरून जशीच्या तशी उतरवली होती. "तांत्रिक कारणास्तव उद्याचा पाणीपुरवठा होऊ शकणार नाही, याची नागरिकांनी नोंद घ्यावी." मला स्वतःलाच फार भारी वाटलं. निवडून आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई गेटवर. पारूबाई आमच्या मागच्या गल्लीत भाजी विकतात. मूळच्या राजूरकडच्या. टोपली खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "बाई, कुनी केलं हे?"

"काय केलं?"

"तांत्रिकानं पानी बांधलं म्हनं. नातीनं वाचून दाखवलं मला. नावानिशी लिव्हलंय तुमी."

मी त्यांना पायरीवर बसवलं. मोठ्या पाईपचा व्हॉल्व्ह बदलतायत, तांत्रिक म्हणजे यंत्राचं काहीतरी, असं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आसं सांगा की. मी दाराला लिंबू-मिरची बांधून आले."

त्याच पायरीवर बसून मी नवीन सूचना लिहिली. "मोठ्या पाईपचा व्हॉल्व्ह बदलत आहेत. आज पाणी नाही. उद्या नक्की." पारूबाईंना वाचून दाखवली. "आता कसं, लेकराला बी कळल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी कुठलीही सूचना आधी पारूबाईंना कळेल का ते बघते, मगच टाकते.

जाताना मी म्हटलं, "आता लिंबू काढा हं दारावरचं."

"राहू द्या दोन दिवस," त्या म्हणाल्या. "व्हॉल्व्ह नीट बसस्तवर."

*

आमच्या ह्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा अचानक पाहुणे आले, म्हणून मी त्यांना मेसेज केला, "येताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणा. लवकर या, पाहुणे आलेत." आणि फोन ठेवून कणीक मळायला घेतली.

थोड्या वेळानं बेल वाजली. शेजारच्या सोसायटीचे वॉचमन, हातात कोथिंबिरीची जुडी. "ताई, ग्रुपवर वाचलं." कणकेच्या हातानं मी फोन उघडला. मेसेज सगळ्या प्रभागाला गेला होता.

मी घाईघाईनं लिहिलं, "चुकून आलेला मेसेज. कृपया दुर्लक्ष करावे." लोकांनी कृपया दुर्लक्ष केलं नाही. रिक्षावाले आले. समोरच्या बंगल्यातल्या वहिनी कुंडीतली खुडून घेऊन आल्या. पारूबाईंनी नातीबरोबर अख्खी पेंढी पाठवली.

शेवटी आले जाधवसर. निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभे होते, पडले होते, आणि त्यानंतर रस्त्याच्या कामावरून माझ्या प्रत्येक मेसेजखाली प्रश्न विचारत होते. आमच्या घरी कधी आले नव्हते. गेटबाहेरूनच त्यांनी पिशवी पुढे केली.

"रस्त्याबद्दल मी तुम्हाला सोडणार नाही, मॅडम. पण पाहुणे आलेत म्हटल्यावर काय करणार?"

मी त्यांना आत बोलावलं. पाहुण्यांशी बोलता बोलता त्यांची कुठली तरी लांबची सोयरीक निघाली, आणि जाधवसर जेवूनच गेले.

आमचे हे सगळ्यात उशिरा घरी आले. हात मोकळे.

"कोथिंबीर?"

"मेसेज बघितला ना मी ग्रुपवर. म्हटलं, एवढा प्रभाग आहे. आणेल कोणीतरी."

*

मधे ग्रुप भरला. नवीन राहायला आलेल्यांना जागाच होईना, म्हणून प्रभाग सोडून गेलेल्यांना काढायला घेतलं. यादीत वैशालीचं नाव होतं. माझ्याकडे शिकवणीला होती ती, आता नाशिकला असते. तिची आई वारली, मग फ्लॅट विकला. इथे तिचं काहीच राहिलं नव्हतं. न सांगता काढणं बरं वाटेना, म्हणून फोन केला.

"बाई, मला नका ना काढू," ती म्हणाली.

"अगं, आमची घंटागाडी किती वाजता येते ते तुला तिकडे काय करायचंय?"

ती म्हणाली, "पाण्याच्या दिवशी आई सकाळी मोटर लावायची आणि मला फोन करायची. टाकी भरेपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. टाकी भरली की म्हणायची, चल, ठेवते. तुमचा मेसेज आला ना बाई, की मी अजून त्या वेळेला चहा घेऊन बसते."

तिला ठेवलं. तिच्या जागी आमच्या ह्यांना काढलं. नाहीतरी कोथिंबीर न आणणाऱ्याचा ग्रुपवर उपयोग काय?

*

शिंदे आजोबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आजी गेल्यापासून बंगल्यात एकटेच. त्यांचा अर्ज होता की घरासमोर स्पीडब्रेकर करून मिळावा.

त्यांची गल्ली पुढे बंद होते. तिथून जोरात जाणार तरी कोण? इंजिनिअर येऊन बघून गेले, नाही म्हणाले. मी तसं ग्रुपवर कळवलं. आठवड्यात आजोबांचा दुसरा अर्ज. मग तिसरा, त्याच सुंदर वळणदार अक्षरात. शेवटी मीच त्यांच्याकडे गेले.

"आजोबा, कोण गाडी पळवतं इथून?"

"दूधवाला."

"तो सायकलवर येतो."

"सायकलसुद्धा पळवतो तो."

त्यांनी चहा केला. साखर कमी पडली का, असं दोनदा विचारलं. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गाडी पळती असली की माणूस नुसता हात करतो. हळू झाली की 'काय आजोबा, बरं ना?' एवढं तरी विचारतो."

मी तो अर्ज पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. स्पीडब्रेकर काही नियमात बसेना. पण घंटागाडी त्या गल्लीत कुठे थांबावी, ते मला सांगता येत होतं. गल्लीच्या तोंडाशी थांबणारी गाडी मी आत घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी सूचना टाकली, "घंटागाडी उद्यापासून शिंदे आजोबांच्या गेटसमोर थांबेल." तिथे एक बाकही ठेवला.

दोन दिवस कुरबुर झाली. मग सगळ्या गल्लीच्या बादल्या रोज सकाळी आजोबांच्या गेटसमोर जमायला लागल्या. बादल्यांबरोबर माणसं, माणसांबरोबर गप्पा. गाडी निघून गेली तरी बाक भरलेलाच. गल्लीतल्या वहिनींपैकी कोणी ना कोणी आजोबांना डब्यात काहीतरी घेऊन यायची.

पंधरा दिवसांनी आजोबा माझ्याकडे आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात परत कागद. मला वाटलं, कचऱ्याचा वास येत असेल.

"बाई, तक्रार आहे."

"बोला ना, आजोबा."

"ही गाडी रविवारी येत नाही."

*

आणि हा एक. हा मी सांगत नाही फारसा.

कौसाबाई मिरजगावच्या. नवरा गेल्यावर मुलगा बाळासाहेब त्यांना आमच्याकडे सावेडीत घेऊन आला. हळूहळू त्यांना विसर पडायला लागला. आधी दिवस विसरले, मग माणसं, मग कधी कधी स्वतःचं नावसुद्धा. पण संध्याकाळ झाली की त्या सुनेला विचारायच्या, "उद्या पानी किती वाजता?" सून, सुनंदा, माझी सूचना त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. कौसाबाई ती दहा वेळा घोकायच्या. मला सुनंदानंच हे कौतुकानं सांगितलं होतं.

एके दिवशी सकाळी सुनंदा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. गेट उघडं राहिलं. खाली आली तर सासूबाई नाहीत.

बाळासाहेब माझ्याकडे धावत आले. त्यांनी दिलेला फोटो मी ग्रुपवर टाकला, खाली वर्णन लिहिलं. हिरवं लुगडं, कपाळावर मोठ्या कुंकवाएवढं गोंदण, पायात चप्पल नाही. माणसं घराबाहेर पडली. कोणी देवळं बघितली, कोणी दवाखाने. जाधवसर स्कूटरवर एसटी स्टँडला जाऊन आले. मी दर अर्ध्या तासानं लिहीत होते, "अजून नाही." इतकी छोटी सूचना मी कधी लिहिली नव्हती, आणि इतकी अवघडही. ऊन चढत होतं. सुनंदा माझ्या ओट्यावर बसून होती. रडतही नव्हती. "गेट मी लावलं होतं का हो?" एवढंच परत परत विचारत होती.

दुपारी एकच्या पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या केडगावच्या एका नगरसेवकांचा फोन आला. मीटिंगपुरती आमची ओळख.

"ताई, तुमच्याकडे उद्या पाणी साडेसहाला आहे का?"

मी चिडले. "अहो दादा, इथे माणूस हरवलंय आमचं."

"म्हणूनच विचारतोय. साडेसहाला, कमी दाबानं?"

"हो. काल संध्याकाळी टाकलेली सूचना हीच."

"मग आजी तुमच्याच. आमच्याकडे आहेत."

कौसाबाई कशा कोण जाणे, केडगावच्या एका घराच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मात्र बजावत होत्या, "उद्या साडेसहाला पानी येनार हाय. कमी दाबानं. हंडे घासून ठिवा." तिथलं पाणी दुपारचं. ही वेळ आपली नाही, मग कोणाची, म्हणून त्या भल्या माणसानं शहरातल्या एकेका नगरसेवकाला फोन लावला होता.

ग्रुपवर "सापडल्या" एवढं लिहून आम्ही जाधवसरांच्या गाडीतून गेलो. बाळासाहेब, सुनंदा आणि मी. पायरीवर कौसाबाई निवांत बसल्या होत्या. त्या घरच्या बाईनं ताटलीत भाकरी आणि मेथीची भाजी दिली होती.

बाळासाहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"आई."

त्यांनी वर बघितलं. "कोन पायजे?"

"आई, मी बाळू."

कौसाबाई हसल्या. घरी आलेल्या परक्या माणसाकडे बघून हसतात, तसं.

"बाळू साळंत गेलाय. येईल इतक्यात. बसा की."

बाळासाहेबांनी एकदा सुनंदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डोळे पुसले आणि पायरीवर आईशेजारी जाऊन बसले. कौसाबाई थोड्या सरकल्या. पदर आवरून त्यांना जागा करून दिली. मग ताटलीतली अर्धी भाकरी मोडली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"खा तवर," त्या म्हणाल्या. "लांबून आलाय."