दोरा वाकेपर्यंत

मंचरच्या ज्या खासगी दवाखान्यात मी नर्स होते, तिथं कांदा-बटाट्याच्या हंगामात जखमांची रांग लागायची. विळ्यानं कापलेलं बोट, ट्रॉलीच्या फाळक्यात सापडलेला हात, हायवेवर मोटारसायकलवरून घासत गेलेला गुडघा. माणसं बोंबलत यायची आणि मला त्यांची कधी भीती वाटली नाही. बोंबलणारा माणूस बरा होऊन जातो, असा माझा अनुभव होता. नेमकं कशाला भ्यायचं, हे मला पुढं कोर्स करून शिकावं लागलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या डॉक्टरांनी मला मुंबईला पाठवलं. जखमा आणि स्टोमा यांच्या शुश्रूषेचं खास प्रशिक्षण. स्टोमा म्हणजे आतड्याचं ऑपरेशन झाल्यावर पोटावर काढून दिलेली शौचाची वाट. तिच्यावर पिशवी चिकटवून ठेवावी लागते. शिकवणाऱ्या सिस्टर फार कडक होत्या, आम्ही त्यांना बाई म्हणायचो. त्यांनी एका शनिवारी आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाणी भरलेली पिशवी चिकटवली आणि म्हणाल्या, "आता अशाच घरी जाऊन या." मी एसटीनं मंचरला आले. कुणाचं कोपर लागलं की जीव मुठीत. सोमवारी बाईंनी विचारलं, "काय, पुन्हा म्हणाल का पेशंटला, की काही होत नाही, सवय होते?" ते वाक्य मी पुन्हा कुठल्याच पेशंटला म्हटलं नाही.

त्याच बाईंनी जखमांच्या पहिल्या तासाला एक गोष्ट सांगितली. दुखणाऱ्या जखमेची काळजी पेशंट स्वतः घेतो. जी दुखत नाही तिच्याजवळ तुम्ही खुर्ची ओढून बसा. मला ते तेव्हा नुसतं छान वाटलं. मी ते कोपऱ्यात लिहून घेतलं आणि डबा खायला गेले.

मग त्यांनी दोरा दाखवला. पेनासारख्या दांडीला बसवलेला नायलॉनचा जाडसर दोरा. साखरेच्या पेशंटच्या तळपायावर तो टेकवायचा आणि वाकेपर्यंत दाबायचा. पेशंटनं डोळे मिटून बसायचं, लागलं की सांगायचं. साखरेनं पायाची जाणीव मरते, आणि जाणीव मेलेल्या पायात काय शिरलं ते धन्याला कळत नाही. मग सडतं, आणि एक दिवस पाय कापावा लागतो. या दोऱ्यानं ते आधी समजतं. तपासणी म्हणाल तर पोराटोरांच्या खेळासारखी.

परीक्षेच्या आधी सराव हवा म्हणून मी तो दोरा कळंबला माहेरी नेला. आई नुकतीच भाकरी थापून बाहेर आली होती. दोरा टेकताच तिनं पाय मागं ओढला. "टोचतंय की, मेले!" अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना साखर निघून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. "आन इकडं," म्हणाले. "आमची बी घे परीक्षा."

मी आधी त्यांच्या मनगटाला दोरा लावून दाखवला. मग म्हटलं, "आता डोळे मिटा, अण्णा. पायाला लागला की सांगायचं." त्यांनी डोळे मिटले, मिशीत हसत होते. डाव्या पायाला लावला तसे लगेच म्हणाले, "लागला." पुन्हा लावला, पुन्हा "लागला." मग मी उजव्या अंगठ्यावर टेकवला. दोरा वाकला. मी तो बोटांच्या खाली लावला, मग टाचेच्या कडेला. अण्णा गप्प. पुन्हा अंगठ्यावर आले आणि इतका दाबला की दोरा पार दुमडला.

"लाव की," ते डोळे मिटूनच म्हणाले. "कवाची वाट बघतोय मी."

आईला हसू फुटलं. मी मात्र तिथंच उकिडवी बसून राहिले. अंगणात ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या. अण्णांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बरंच हाय की. काटा मोडला तरी दुखायचा न्हाई." मला इतका राग आला की चहा न घेता निघाले.

परीक्षा पास झाले. प्रमाणपत्राला चौकट करून अण्णांनी ते कळंबच्या घरी टांगलं, मंचरला माझ्या सासरी नाही. ते कायमचं नव्हतं. ठरावीक वर्षांनी नवं करून घ्यावं लागायचं. त्यासाठी पुन्हा मुंबई, पुन्हा तोंडी परीक्षा, शिवाय एका पेशंटची जखम पहिल्यापासून कशी सांभाळली याची लेखी नोंद. पण तेव्हा मला त्या नूतनीकरणाचं काही पडलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं, अण्णांचा उजवा पाय राहिला पाहिजे.

पुण्याहून मी त्यांच्यासाठी मऊ तळाच्या खास चपला करून आणल्या. त्यांना त्यांचा कोण अभिमान! मंचरच्या बाजारात कांदा घेऊन गेले की आडत्याला पाय वर करून दाखवायचे. पण रानात? बांधापर्यंत चपला, आणि बांधावर काढून ठेवायच्या. त्यांचे वडीलही तसंच करायचे, गावात बहुतेक जण तसंच करतात. मी भांडले, रडले, आईला मधे घातलं. "पिकात चपला घालून कोन जातं? देवळात जातीस का तू घालून?" एवढंच उत्तर.

जुन्नरला माझे स्टोमाचे दोन-तीन पेशंट होते. बाजारपेठेमागच्या गल्ल्यांत जाऊन पिशवी बदलायची, स्टोमाचा रंग बघायचा. लाल ओलसर असला की निश्चिंत, काळपट दिसला की धावपळ. परतताना नारायणगाववरून येणारी एसटी कळंबला थांबायची आणि मी उतरायचे. वाटेत आमचं रान लागे. शेवग्याखाली बांधावर त्या चपला जोडीनं ठेवलेल्या दिसायच्या, पिकाकडे तोंड करून. मी त्या उलट्या करून बघायची. वर्षं गेली तरी तळाला रानातला चिखल नाही. मी त्या पुन्हा जोडीनं ठेवायची, आणि लांबवर अण्णा गुडघाभर कांद्यात पाणी भरत असायचे, मजेत गाणं म्हणत.

घरी आले की मी त्यांचे पाय तपासायची. खुराला पत्री मारताना बैल उभा राहतो तसे ते गप्प बसून घ्यायचे. काही नाही निघालं की म्हणायचे, "बगितलंस? उगा भ्या घालतीस."

नूतनीकरणाची मुदत जवळ आली त्या वर्षी मी एकदा अशीच जुन्नरहून येताना उतरले. दिवेलागण व्हायची होती. अण्णा पाय धुऊन नुकतेच आत जेवायला बसले होते. दारापासून त्यांच्या पाटापर्यंत शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते, आणि त्यातला उजव्या पावलाचा प्रत्येक ठसा लाल होता. आई म्हणत होती की मांजरानं उंदीर आणला असणार. अण्णांनी घास हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अगं, हे रगत कुणाचं?"

मी त्यांचा पाय वर उचलला. बाभळीचा काटा आख्खा आत गेला होता, वर नुसतं टोक. त्याच्यावर ते दिवसभर पाणी भरत फिरले होते.

काटा निघाला, पायाचा एक्स-रे काढला, औषधं सुरू झाली. रोजची पट्टी मीच करायची. जखम खोल होती, पण तळापासून भरून येत होती, आणि तशीच यायला हवी होती. अण्णा खूष. "मुंबईला लिव्हून द्यायला जखम पायजे व्हती ना तुला? मग माझाच पाय लिव की. लांब कशाला जातीस?" मी त्यांच्याच पायाची नोंद केली. जखम भरायला लागली तसं त्यांना वाटायला लागलं, की परीक्षा आता त्यांचीच आहे.

परीक्षेसाठी मला आठवडाभर मुंबईत राहावं लागणार होतं. माझ्या दवाखान्यातल्या सिस्टरला सांगून ठेवलं, अण्णा रोज येतील, पट्टी कर. रोज संध्याकाळी मी कळंबच्या घरी फोन लावायचे. उचलायचे अण्णाच.

"बंद झाली बग जखम," तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते म्हणाले. "कातडं आलं वर."

"इतक्यात? दुखतंय का?"

"आजिबात न्हाई."

"आईला द्या फोन."

"ती म्हशीकडं गेलीय."

दुसऱ्या दिवशीही ती म्हशीकडंच गेली होती. दवाखान्यात फोन केला तर सिस्टर म्हणाली, "ते आलेच नाहीत गं. तुझी जाऊ घरी येऊन पट्टी करते, असा निरोप होता." माझ्या जावेला साधं बँडेज बांधता येत नाही. यजमानांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता कळंबला जा. तेही गेले, आणि अण्णांनी त्यांना ओट्यावर चहा पाजून, पाय पांघरुणात घेऊन, गप्पा मारून परत पाठवलं. जावई माणूस, सासऱ्याचं पांघरूण कसं ओढणार?

दुसऱ्या सकाळी माझी तोंडी परीक्षा झाली. समोर त्याच बाई होत्या, केस पांढरे झालेले. त्यांनी विचारलं, "खोल जखमेचं तोंड आधी बंद झालं तर?" मी म्हणाले, "आत कोंडतं. वरून बरं दिसतं आणि आत पसरत जातं." उत्तर बरोबर होतं. बाईंनी समाधानानं मान हलवली आणि मला त्या खुर्चीत बसवेना. निकालाला थांबले नाही.

कळंबच्या घराच्या दारातच मला वास आला. आईनं ऊद जाळला होता, त्याच्याखालून तो वास येत होता. अण्णा गोधडीत होते, अंग तापलेलं. मला बघून आई भडाभडा रडायला लागली. "मला शपथ घातली व्हती गं त्यांनी."

"तुझा पेपर व्हता," अण्णा म्हणाले. "उगा जिवाला घोर कशाला? आन दुखत तर न्हाईच."

जखमेवर कातडी खरंच आली होती, गुळगुळीत, चकचकीत. मी कडेनं बोट दाबलं तर आत कुरकुरलं, पोह्याचा पापड चिरडावा तसं. घोट्यापर्यंत कुरकुरत होतं, म्हणजे आत सडून धरलेला वायू तिथवर चढला होता. मी आईला म्हटलं, कपडे भर. गाडी करून त्यांना थेट पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. गुडघ्याखालून पाय काढला, अण्णा वाचले.

नवं प्रमाणपत्र टपालानं आलं. अण्णांनी जुनं उतरवून त्याच चौकटीत ते घातलं. आल्यागेल्याला सांगायचे, "माजा पाय दिला आन पोरगी पास केली." लोक हसायचे. ती थट्टा मला आजही सहन होत नाही.

थंडीतल्या एका सकाळी ते अंगणात बाजेवर ऊन खात बसले होते. लुंगी उजवीकडं सपाट पडली होती. मी दोरा घेऊन गेले. आता डावा पाय राखायचा होता. मागच्या खेपांना त्याला दोरा कळत होता, त्यामुळं मला तितकी धास्ती नव्हती.

"डोळे मिटा, अण्णा. लागला की सांगा."

त्यांनी डोळे मिटले. मी डाव्या अंगठ्यावर दोरा टेकवला. वाकला. अण्णा गप्प. बोटांच्या खाली लावला. टाचेला लावला. आई दारात येऊन उभी राहिली होती, या वेळी ती हसली नाही. मी दोरा मांडीवर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"लागला," अण्णा म्हणाले.

मी दचकून वर पाहिलं. "कुठं?"

"अंगठ्याला. लई टोचतोय गं, काढ आता."

"कुठल्या अंगठ्याला, अण्णा?"

डोळे न उघडता त्यांनी उजवा हात पुढं नेला आणि बाजेच्या मोकळ्या सुंभावर, जिथं पाय असायला हवा होता तिथं, चोळायला लागले. "ह्या," ते म्हणाले. "काढ की, पोरी. दुखतंय."