बाना

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी पेपरातलं शब्दकोडं सोडवलं, आणि भांडलो. एक चौकोन रिकामा राहिला.

बायको सातवी शिकलेली, मी तिसरीत शाळा सोडलेला. म्हणून मी तिला मास्तरीण म्हणायचो. चहा झाला की ती पेपराची घडी मांडीवर घेऊन कोडं भरायची. पेन्सिलीनंच. "माणसानं खोडायची सोय ठेवावी," म्हणायची.

शेतीतलं, कापडातलं काही आलं की मला विचारायची. पण माझ्या बोलण्यात ण नाही. पाण्याला पानी, लोण्याला लोनी. "शब्द बरोबर हाय, तोंड चुकलंय," म्हणत ती खोडायची. चुकलो असं मी कधी कबूल केलं नाही. "चुकलं म्हणलं की जीभ झडत न्हाय ओ," हे तिचं नेहमीचं.

त्या दिवशी विचारलं होतं, मागावरचा आडवा धागा, दोन अक्षरी. सोलापुरात सारी हयात मागावर उभा राहिलेला मी. म्हणालो, "बाना. लिही."

तिनं बा लिहिलं आणि थांबली. "अहो, पुढं णा पायजे. उभा शब्द करुणा येतोय."

"मागावर तू हुतीस का मी?"

"तुमीच की."

"मग करुना लिही."

ती हसली. "असं कुटं असतंय व्हय?"

माझं डोकं फिरलं. "लई शिकलीस. तुज्या पुस्तकानं कापड निघत न्हाय."

तिचं हसू गेलं. तिनं पेन्सिल ठेवली. "ऱ्हाऊ द्या. उद्या उत्तर येतंय की. बाणा लई हाय तुमच्यात." आणि भाकरी थापायला गेली.

मी बोललोच नाही. जेवताना मीठ मागितलं, तेही बोटानं. दुपारी ती आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेली, त्रास झाला नाही. तिला नसेल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. सुतकात कोण वाचतंय, म्हणून सुनेनं तो बाजूला टाकला होता. मी मागून घेतला. कालचं उत्तर छापलं होतं: बाणा. जाताजाता तिनं सांगितलं होतं. मी नुसता टोमणा ऐकला.

कालचा पेपर चहाच्या डब्याखाली होता, पेन्सिलही तिथंच. रिकाम्या चौकोनात मी णा काढला. वाकडा आला.

सून म्हणाली, "मामा, काय करताय?"

"चुकलं माजं," मी म्हणालो.

"खोडरबर देऊ का?"

"नको. ऱ्हाऊ दे."