पिवळं टोपडं आणि एक जून

शनिदेवाला लोक घाबरतात. मी कधी घाबरले नाही. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, त्यामुळे कडक हेडमास्तर हा प्राणी माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि शिंगणापूरचा देव मला कायम तसाच वाटत आला: तोंडावर हसू नाही, पण वर्गातल्या एकाही पोराला विसरायचा नाही. महिन्यातल्या एका शनिवारी मी तेल घेऊन जाते, चार शब्द बोलते आणि परत येते. त्या जूनमध्ये मात्र मी गेले ती भांडायला. चूक माझी होती आणि शिक्षा एका पोरीला होणार होती.

निवृत्त झाल्यापासून तिसगावात माझ्या पडवीत संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात, बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळी झाली की आईबाप ट्रकात बसून कारखान्यावर जातात, पोरं आजीआजोबांजवळ राहतात, आणि त्यांच्यावर ओरडायला मी असते. त्यांतलीच पूजा. पाचवी झालेली, हुशार आणि तोंडाने फटकळ, म्हणजे अगदी माझ्यासारखी. नगरजवळच्या मुलींच्या एका निवासी शाळेची परीक्षा ती पास झाली. सहावी ते बारावी शिकणं, राहणं, जेवण, सगळं तिथंच. पडवीत आम्ही पेढे वाटले. मी नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतं!

कागद तपासायच्या दिवशी तिथल्या क्लार्कनी शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहिली, एक जून, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या तालुक्यात बाकीचे महिने बंद आहेत का?" बोलणं खोटं नव्हतं. ज्या पोराची तारीख घरच्यांना ठाऊक नसे त्याची आम्ही एक जून लिहायचो. माझ्या हातचे एक जूनवाले गावभर सापडतील. पण पूजाच्या बाबतीत मी आणखी एक उद्योग केला होता. तेव्हा तिचे आईबाप तिला कारखान्यावर न्यायला निघाले होते, पहिलीत नाव लागलं तरच ती आजीजवळ राहणार होती, आणि वय तर बसत नव्हतं. मी सरळ एक वर्ष वाढवून लिहिलं. केवढं पुण्य केलं असं वाटलं होतं मला! आता त्याच तारखेमुळे ती नव्या शाळेच्या वयाच्या अटीत महिन्याभराने मोठी ठरत होती. जन्माचा खरा दाखला दहा दिवसांत आणा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण नियम नियम होता.

दाखला आणायचा कुठून? पूजा जन्मली ती ऊसतोडीच्या हंगामात, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. तिच्या आईला, मंदाला, विचारलं तर ती म्हणाली, "तवा कोल्हापूरकडं हुतो आमी बाई. गावाचं नाव कुनाला ठावं? दर पंधरा दिसाला गाव बदलायचं. एक सिस्टर आल्ती कोपीवर, लई मायाळू. तिनंच पोरीला ह्ये टोपडं घातलं." आणि तिने पेटीतून एक विटकं पिवळं टोपडं काढलं. कानांवर लाल गोंडे, त्यातला एक गळालेला. "ह्यो पुरावा चालंल का वो?" मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मग मांडीवरच्या धाकट्याला थोपटत ती हळूच म्हणाली, "न्हाईच जमलं तर दिवाळीनंतर नेते संग. ह्याला सांभाळायला कुनीतरी लागतंयच." पूजा उंबऱ्यात बसून ऐकत होती. एरवी शब्दाला शब्द देणारी पोर मुकाट उठली आणि धाकट्याला आईच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं, आणि तेच मला सहन झालं नाही.

पाच दिवस ओळखीपाळखीत फोन करून थकले. सहावा दिवस शनिवार होता. तेलाची बाटली घेतली, मंदाकडून मागून आणलेलं टोपडंही पिशवीत टाकलं आणि दोन गाड्या बदलून शिंगणापूर गाठलं. देवासमोर उभी राहिले नि म्हटलं, "लबाडी मी केली, मला धर की! साडेसाती लाव, गुडघे दुखव, ते दुखतातच म्हणा. पण ती पोर कशाला?" आणि बोलता बोलता माझा सगळा आवेशच उतरला. इतकी वर्षं मी देवाला सूचना देत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हटलं, "मला काही सुचत नाही. तूच बघ आता."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. जवळच्या एका जुन्या घरात पाणी मागायला गेले. दार वाजवावं तर दारच नाही, नुसती चौकट. शिंगणापुरात आहेच तसं. आतून घरमालकीण म्हणाली, "या की बाई, इचारता काय!" आत कोपऱ्यात माझ्यासारखीच पाणी प्यायला थांबलेली एक साठीची बाई बसली होती. मी टेकले आणि बघते तर बाटली गळून पिशवीत तेलच तेल. एकेक वस्तू बाहेर काढून पुसायला लागले. टोपडं बाहेर निघालं तशी त्या बाईंनी हात पुढे केला. ते उलटं करून आतली शिवण निरखली आणि म्हणाल्या, "हे माझ्या हातचं हाय की वो!"

त्या कोल्हापूरकडच्या, नर्स म्हणून नोकरी संपवलेल्या, त्या दिवशी दर्शनाला आलेल्या. कोपीवर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला त्या घरी टोपडं शिवून न्यायच्या. "बारकी पोरं थंडीनं काकडायची बघा," म्हणाल्या. मी जीव मुठीत धरून विचारलं, "आणि नोंद?" तशा त्या माझ्यावरच रागावल्या. "नोंदीबिगर सोडीन व्हय मी? एकूण एक ग्रामपंचायतीत घातलीया!" तिथूनच त्यांनी त्यांच्या गावच्या ग्रामसेवकांना फोन लावला आणि जुनं रजिस्टर काढून ठेवायला सांगितलं.

सोमवारी मी आणि मंदा त्या ग्रामपंचायतीत उभ्या होतो. ग्रामसेवकांनी जुनं रजिस्टर उघडलं. आईचं नाव बरोबर, बापाचं बरोबर, आमचा पाथर्डी तालुका बरोबर, तारीख हंगामातली, माझ्या एक जूनच्या किती तरी नंतरची. बाळाच्या नावाची जागा तेवढी कोरी होती. बारसं झालेलं नव्हतं ना! ग्रामसेवकांनी विचारलं, "काय लिहू?" मंदाला रडू आवरेना, म्हणून मीच सांगितलं, "पूजा लिहा."

हा चमत्कार होता का, मला विचारू नका. मला एवढंच कळलं की या पोरांना माझ्याशिवाय कोण आहे या गुर्मीत मी तारीख फिरवली, आणि माझ्या कितीतरी आधी एका अनोळखी बाईने तिची खरी तारीख लिहून, नावाला जागा ठेवून दिली होती. पुढच्या वारीला मी देवापुढे चक्क कान धरले. पोरं शिकवते, बाकीचं तुझ्याकडे, असं म्हणाले आणि खरंच हलकी होऊन घरी आले.

शाळेत सोडायला गेलो तेव्हा पूजाने टोपडं पेटीत सगळ्यात वर ठेवलं होतं. क्लार्कनी नवी तारीख लिहून घेतली आणि गमतीने म्हणाले, "आता वाढदिवस बदलला बरं का तुझा." ती लगेच म्हणाली, "न्हाई सर. ती तारीख कागदावर ऱ्हाऊ द्या. माझा वाढदिवस एक जूनलाच. आमच्या बाईंची समदी पोरं त्याच दिवशी जन्मलीत."